‘मेट्रोपोलिस’ : कातरलेला पट आणि संशोधित पाठ

एखाद्या ग्रंथाच्या दर चार पानांमागे एक पान फाडून टाकावे, कथेतील ज्या मृत स्त्रीभोवती सारे वैर फिरते तिचे नावही पुसून टाकावे, तुटलेले धागे जोडण्यासाठी परक्या हाताने नवी वाक्ये घालावीत, आणि मग तो ग्रंथ टीकाकारांपुढे ठेवून ‘ह्याचे गुणदोष सांगा’ असे म्हणावे, तर कोणताही प्रामाणिक टीकाकार ‘आधी मूळ ग्रंथ आणा’ असेच उत्तर देईल. साहित्याच्या प्रांतात ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सिद्ध करण्याची गरज कोणासही भासत नाही. चित्रपटाच्या प्रांतात मात्र ह्याच्या अगदी उलट वहिवाट पडली आहे. तेथे फाटका ग्रंथच मूळ ग्रंथ म्हणून खपतो, त्यावर प्रबंध लिहिले जातात, त्याचे दोष कर्त्याच्या माथी मारले जातात. आणि पुढेमागे फाडलेली पाने सापडली, तर ‘आता त्यांची काय गरज?’ असे विचारणारे लोकही भेटतात. ह्या वहिवाटीविरुद्ध चार शब्द स्पष्टपणे लिहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी आम्ही घेतला आहे तो फ्रित्स लांग ह्या दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट. भविष्यकाळातील एका अजस्र नगरीची ही कथा. वर मनोऱ्यांत धनिकांची वस्ती, खाली भूगर्भात कामगारांची. वरच्यांचा अधिपती योह फ्रेडरसन, त्याचा हळव्या मनाचा पुत्र फ्रेडर, कामगारांना धीराचा उपदेश करणारी मारिया, आणि तिच्या रूपाचा यंत्रमानव घडविणारा संशोधक रोटवांग. विज्ञानकल्पित चित्रपटांची पुढची सारी वंशावळ ह्या एका पटाकडे बोट दाखविते. २०१० सालच्या नोव्हेंबर महिन्यात ह्या पटाची संशोधित आवृत्ती ब्लू-रे तबकडीवर घरोघरी पाहण्यासाठी निघाली. ती निघून दशकाहून अधिक काळ लोटला; मग आज तिच्याविषयी लिहिण्याचे कारण काय? कारण असे की, १ जानेवारी २०२३ रोजी १९२७ च्या मूळ चित्रपटावरील स्वामित्वहक्क अमेरिकेतही संपुष्टात आला. आता कोणीही उठावे आणि कोणतीही प्रत ‘मेट्रोपोलिस’ म्हणून लोकांपुढे मांडावी. यंत्राकडून रंग भरून घेतलेल्या, दोन चौकटींच्या मध्ये यंत्राने कल्पिलेल्या चौकटी घातलेल्या, ऐंशी-नव्वद मिनिटांत उरकलेल्या प्रती आज संगणकाच्या पडद्यावर कोणासही सापडतात. अशा बाजारात ‘खरा पाठ कोणता?’ हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही. तो प्रत्येक प्रेक्षकाचा होतो.

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिन येथे ‘मेट्रोपोलिस’ प्रथम दाखविण्यात आला, तेव्हा त्याची लांबी ४,१८९ मीटर होती. चित्रणास वर्षाहून अधिक काळ लागला होता व पन्नास लाखांहून अधिक राइशमार्क खर्ची पडले होते. निर्माती ‘उफा’ कंपनी आधीच कर्जात रुतलेली. तिने डिसेंबर १९२५ मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांशी करार करून आपली मान अडकवून घेतली होती. अमेरिकेत पॅरामाउंट कंपनीने हा पट चॅनिंग पोलॉक ह्या नाटककाराच्या हवाली केला आणि त्याने आपल्या देशातील प्रेक्षकांच्या अभिरुचीस मानवेल अशी त्याची काटछाट केली. जर्मनीतही मूळ प्रत थोड्याच महिन्यांत मागे घेण्यात आली व ऑगस्ट १९२७ मध्ये जी प्रत पुन्हा बाहेर पडली ती ३,२४१ मीटरची होती. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेला. नुसता प्रदर्शनातून गेला असे नव्हे. पृथ्वीच्या पाठीवरून गेला, असेच पुढे ऐंशी वर्षे सर्वांस वाटत राहिले.

गेले ते काय? पाल्हाळ गेला, असे समजणाऱ्यांनी पुढील तपशील शांतपणे वाचावा. मूळ कथेत रोटवांग यंत्रमानव घडवितो तो प्रेमाच्या दुःखातून. हेल नावाच्या स्त्रीवर त्याचे प्रेम होते. ती त्याला सोडून फ्रेडरसनची पत्नी झाली आणि फ्रेडरला जन्म देताना मरण पावली. रोटवांगने आपल्या घरात तिचे भव्य शिल्प उभारले आहे, त्यावर पडदा टाकला आहे. आणि ज्या यंत्रासाठी त्याने स्वतःचा एक हात गमावला, ते यंत्र म्हणजे हरपलेली हेल परत आणण्याची त्याची धडपड आहे. पोलॉकला ह्यात अडचण कसली दिसली? तर ‘हेल’ ह्या नावाचे इंग्रजीतील नरकवाचक शब्दाशी असलेले उच्चारसाम्य! प्रेक्षक हसतील म्हणून नाव काढले. नाव काढले म्हणून स्त्री काढावी लागली. स्त्री गेली म्हणून शिल्प गेले, शिल्पापुढील दोघा म्हाताऱ्यांची झोंबाझोंबी गेली. आणि हे सर्व गेल्यावर रोटवांगच्या कृत्यास काही कारणच उरले नाही. मग पोलॉकने आपल्या पदरचे कारण दिले : कामगारांच्या जागी राबण्यासाठी यंत्राचे मजूर हवेत, म्हणून हा उद्योग. सूडाने पेटलेल्या विरही माणसाचा अशा रीतीने एक भाडोत्री वेडा शास्त्रज्ञ झाला. पुढील शंभर चित्रपटांतून जो पांढऱ्या केसांचा, डोळे गरगर फिरविणारा शास्त्रज्ञ आपण पाहत आलो, त्याच्या माथ्यावर बसलेला निष्कारण वेडेपणाचा शिक्का निदान ह्या एका ठिकाणी तरी कात्रीने मारलेला आहे.

दुसरे उदाहरण ११८११ क्रमांकाच्या कामगाराचे. फ्रेडर त्याच्याशी कपड्यांची अदलाबदल करतो, स्वतः यंत्रापुढे उभा राहतो आणि त्याला वर आपल्या मित्राकडे जावयास सांगतो. कातरलेल्या प्रतीत हा गृहस्थ ह्या प्रसंगानंतर जवळजवळ नाहीसाच होतो. मूळ पटात त्याला फ्रेडरच्या खिशात पैसा सापडतो. शहराची रात्र, उडत आलेल्या जाहिरातींचे कागद आणि ‘योशिवारा’ नावाचे विलासगृह ह्यांच्या मोहाला तो बळी पडतो. फ्रेडरसनच्या सडपातळ हेराच्या हाती सापडतो. आणि शेवटी भुयारात फ्रेडरवर उगारलेला सुरा स्वतःच्या अंगावर घेऊन मरतो. जन्मभर क्रमांकाने ओळखल्या गेलेल्या माणसाचा मोह, पतन आणि प्रायश्चित्त, एवढा मजकूर कात्रीने ‘अनावश्यक’ ठरविला. त्या हेराची भूमिका तर नाममात्रच उरली. फ्रेडरसनने कामावरून काढून टाकलेल्या योसाफाट ह्या चिटणिसाला तो लाच देतो, धमकी देतो, त्याच्याशी झुंजतो, हे सर्व प्रवेश गळाले. परिणाम असा की ह्या नगरीत सत्ता कशी चालते, कोणाच्या पाळतीवर चालते, हे प्रेक्षकाला कळेनासे झाले. मनोरे उरले, मनोऱ्यांना तोलून धरणारी दहशत गेली.

आता ह्या छिन्न देहावर निवाडे कसे झाले ते पाहू. १७ एप्रिल १९२७ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एच्. जी. वेल्स ह्यांनी ‘मेट्रोपोलिस’वर जो लेख लिहिला, तो चित्रपटटीकेच्या इतिहासात आपल्या कठोरपणासाठी प्रसिद्ध आहे. वेल्स ह्यांचे सर्वच आक्षेप काटछाटीतून उद्भवले, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. यंत्रे वाढली की कष्टाची मजुरी वाढते, ही ह्या पटातील कल्पना उलटी आहे. यंत्र माणसाची मजुरी कमी करते, हा त्यांचा मुद्दा मूळ पटालाही लागू पडतो व त्याचे उत्तर लांगच्या कैवाऱ्यांनी द्यावे. परंतु पुढील काळात ज्या सामान्य टीकाकारांनी वेल्स ह्यांच्या आधारावर आपली लेखणी चालविली, त्यांचे काय? ‘कथा विस्कळीत आहे, पात्रांच्या वागण्याला कारण नाही, चित्रे मात्र अपूर्व आहेत’ असा एक ठराविक अभिप्राय रूढ झाला. कथा विस्कळीत होती, कारण ती विस्कटण्यात आली होती. ज्याचे पाय तोडले त्याला ‘तू लंगडतोस’ म्हणून हिणवावे, आणि त्याच्या मुखावरील कांतीची मात्र स्तुती करावी, ह्यात ना न्याय आहे ना रसिकता.

हा पाठ परत जुळविण्याचे काम कसे झाले, ही कथा कोणत्याही संशोधकास स्फूर्ती देईल अशी आहे. म्यूनिक येथील चित्रपटसंग्रहालयाचे एनो पाटालास ह्यांनी अनेक वर्षे खपून १९८७ मध्ये एक पुनर्रचना सिद्ध केली. त्यांच्या हाती साधने कोणती होती? एक, सेन्सॉरच्या दप्तरातील नोंदी. पडद्यावर येणाऱ्या पाट्यांचा सर्व मजकूर त्यांत उतरून ठेवलेला होता. कलेचा वैरी म्हणून ज्याला आपण नावे ठेवतो, त्याच्याच कारकुनाने कलेचा मजकूर जपून ठेवला, हा दैवाचा विनोद म्हणावा. दुसरे साधन म्हणजे गॉटफ्रीड हुप्पेर्ट्स ह्याने ह्या पटासाठी रचलेले वाद्यवृंदाचे संगीत. पडद्यावर अमुक घडले की अमुक स्वर उठावा, अशा खुणा त्याच्या स्वरलिपीत जागोजागी नोंदलेल्या होत्या. त्यामुळे नाहीशा झालेल्या दृश्यांचाही क्रम तीवरून ताडता येत होता. ह्याच मार्गाने पुढे जाऊन मार्टिन कोर्बर ह्यांच्या देखरेखीखाली मुर्नाउ प्रतिष्ठानाने २००१ मध्ये एक निर्मळ प्रत तयार केली. जेथे चित्र नाही तेथे काय घडते हे पाटीवर लिहिले. आणि त्याच वर्षी युनेस्कोने ह्या चित्रपटाची जागतिक स्मृतिनोंदीत गणना केली.

त्यानंतर २००८ च्या जुलै महिन्यात वार्ता आली ती अर्जेंटिनातून. मूळ लांबीची एक प्रत काटछाटीच्या पूर्वीच आदोल्फो विल्सन नावाच्या वितरकाने ब्वेनोस आयरेस येथे नेली होती. तेथून ती एका चित्रपटसमीक्षकाच्या खासगी संग्रहात गेली, तेथून सरकारी कलानिधीकडे, आणि १९९२ मध्ये त्या शहराच्या चित्रपटसंग्रहालयात. फर्नांदो मार्तीन पेन्या ह्या अभ्यासकाने एका जुन्या चित्रपटमंडळाच्या चालकाकडून अशी आठवण ऐकली होती की, ‘मेट्रोपोलिस’ दाखविताना फिल्म यंत्रात नीट बसेना म्हणून ती दोन तासांहून अधिक वेळ बोटाने दाबून धरावी लागली. दोन तासांहून अधिक! सर्व जगात जो पट त्याहून पुष्कळ कमी वेळात संपतो, तो येथेच इतका लांब कसा, हा प्रश्न त्याच्या मनात राहिला. पुढे संग्रहालयाच्या संचालिका पाउला फेलिक्स-दिदिएर ह्यांच्या साहाय्याने डबे उघडले, आणि हेलचे शिल्प, क्रमांक ११८११ चा रात्रीचा प्रवास, योसाफाटच्या घरातील झुंज, पुरातून मुलांच्या सुटकेचा सबंध प्रसंग, सुमारे पंचवीस मिनिटांचा ऐवज प्रकाशात आला. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनमध्ये जुळविलेला पट वाद्यवृंदासह पुन्हा दाखविण्यात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो तबकडीवर आला.

ह्या हकीकतीतील एक धडा येथेच नोंदवून ठेवू. ती प्रत संग्रहालयात सोळा वर्षे होती. डब्यावर नाव होते, कपाटात जागा होती. परंतु लांबी मोजून ताडून पाहिलेली नव्हती. ठेवणे म्हणजे जाणणे नव्हे. ज्या संग्रहालयाला आपल्या कपाटात काय आहे हे ठाऊक नाही, त्याला कोठार म्हणावे.

आता पूर्वपक्षाकडे वळू.

पहिला पक्ष असा : ‘संक्षिप्त प्रतीनेच हा चित्रपट जगप्रसिद्ध झाला. ज्या रूपाने त्याने ऐंशी वर्षे लोकांच्या मनावर राज्य केले, तेच त्याचे खरे रूप.’ ह्या युक्तिवादात कीर्ती आणि सत्य ह्यांची गल्लत आहे. संक्षिप्त प्रत इतिहासाचा भाग आहे हे खरे. तिच्यावरून स्फुरलेल्या कलाकृतींचा अभ्यास करणाऱ्याने तीच पाहिली पाहिजे, हेही खरे. परंतु एखादा अपपाठ शतकभर रूढ राहिला म्हणून तो कर्त्याचा पाठ होत नाही. आपल्याच परंपरेत पाहा. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा अशुद्ध ओव्याही लोकांच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या बसलेल्या होत्याच. त्या रूढ आहेत म्हणून राहू द्याव्यात, असे नाथांना वाटले नाही.

दुसरा पक्ष अधिक मोहक आहे. ‘ब्वेनोस आयरेसची चित्रे फार खराब आहेत. स्वच्छ, चकचकीत चित्रांच्या मध्येच ओरखड्यांचा पाऊस सुरू होतो आणि रसभंग होतो. ती गाळावीत, किंवा यंत्राच्या साहाय्याने घासूनपुसून इतरांसारखी करावीत.’ ही चित्रे खराब का आहेत ते आधी समजून घेतले पाहिजे. जुनी नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही. तिच्या भीतीने पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरून सोळा मिलिमीटरची प्रत काढण्यात आली व मूळचे ओरखडे, डाग तिच्यात कायमचे छापले गेले. शिवाय चौकटीची कडही थोडी कापली गेली. संशोधकांनी ह्या चित्रांची शक्य तेवढी स्वच्छता केली, पण त्यांना तरुणपणाचे सोंग दिले नाही. कापल्या गेलेल्या कडेची काळी पट्टी तशीच ठेवली. त्यामुळे पाहणाऱ्याला क्षणोक्षणी कळते की हा भाग कोठून आला, ह्याची विश्वसनीयता किती, आणि जगाने इतकी वर्षे नेमके काय पाहिलेच नव्हते.

ह्या रीतीचे मोल मराठी वाचकास तरी समजावून सांगावे लागू नये. ज्या १९२७ साली ‘मेट्रोपोलिस’ बर्लिनमध्ये झळकला व कापला गेला, त्याच साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला भाग प्रसिद्ध केला. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांचे सहकारी ह्यांनी देशभरच्या पोथ्या मिळविल्या, उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा ताडून पाहिल्या, आणि जेथे पाठ निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. ती रेघ पृष्ठाच्या सौंदर्यात भर घालीत नाही. पण ती वाचकाला सांगते की येथे संपादक छातीवर हात ठेवून बोलत नाही. ‘मेट्रोपोलिस’मधील ओरखडे ही तीच नागमोडी रेघ होय. ती पुसून टाका म्हणणारा मनुष्य सौंदर्याचा कैवार घेत नसतो. संपादकाने वाचकाशी खोटे बोलावे, एवढीच त्याची मागणी असते. साम्य आणखीही आहे. ह्या पटाच्या एकाहून अधिक मूळ निगेटिव्ह तयार करण्यात आल्या होत्या. शेजारीशेजारी ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी वा निरनिराळ्या वेळी टिपलेल्या चित्रांच्या त्या बनलेल्या. एक देशातील प्रदर्शनासाठी, इतर परदेशांसाठी. तेव्हा येथेही पाठभेद आहेत, परंपरा आहेत, आणि ‘एकच मूळ प्रत’ ही कल्पना जपूनच वापरावी लागते. म्हणूनच संपादकाचा प्रामाणिकपणा येथे अधिकच मोलाचा ठरतो.

तिसरा पक्ष रूपांतरांचा आहे. १९८४ मध्ये जॉर्जिओ मोरोडर ह्या संगीतकाराने ह्या पटाची सुमारे ऐंशी मिनिटांची रंगीत छटांची आवृत्ती काढली. पाट्यांऐवजी खाली अक्षरे घातली, आणि हुप्पेर्ट्सच्या संगीताऐवजी त्या काळच्या लोकप्रिय गायकांची गाणी बसविली. तिने एका नव्या पिढीला हा पट दाखविला, हे तिच्या कैवाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, आणि आम्हांस ते अमान्य नाही. रूपांतराशी आमचे भांडण मुळीच नाही. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा तो मूळ कथा कमीअधिक करतो, पदे घालतो, श्रोत्यांना हसवितो, रडवितो. पण ते आख्यान ऐकून घरी जाणारा कोणताही श्रोता ‘मी महाभारत वाचले’ असे म्हणत नाही. मोरोडरचे आख्यान मोरोडरच्या नावाने खुशाल चालावे. चिकित्सक आवृत्तीनेही गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची लोकप्रिय कथा नष्ट केली नाही. मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला मिळावी, एवढेच आमचे मागणे. आजच्या रंग भरलेल्या, चौकटी कल्पिलेल्या प्रतींवर आमचा राग आहे तो त्या निघाल्या म्हणून नव्हे, तर आपले नाव न सांगता लांगचे नाव लावून त्या फिरतात म्हणून. मोरोडरने निदान आपली सही केली होती.

चौथा पक्ष घरगुती तबकडीलाच नाके मुरडणाऱ्यांचा. ‘चित्रपट पाहावा तो नाट्यगृहातल्या अंधारात, शेकडो माणसांबरोबर, दिवाणखान्यात चहाचा पेला हाती घेऊन नव्हे.’ मोठा पडदा व समोर वाद्यवृंद असता हा पट पाहावयास मिळणे हे भाग्यच, ह्यात शंका नाही. परंतु हे पूज्य नाट्यगृहच ह्या पटाचे वधस्थान होते, हे विसरून कसे चालेल? दिवसाचे खेळ किती बसतात, प्रेक्षक केव्हा जांभई देतात, ह्या हिशेबानेच कात्री चालली. घरातल्या तबकडीला खेळांच्या वेळापत्रकाची घाई नाही. शिवाय ती पोथीसारखी वापरता येते : थांबावे, मागे जावे, एक प्रसंग २००१ च्या प्रतीत कसा आहे व २०१० च्या प्रतीत कसा आहे हे ताडून पाहावे. जे काम पूर्वी म्यूनिक वा बर्लिन येथील दोनचार तज्ज्ञच करू शकत, ते आज सांगली-अमळनेरचा जिज्ञासू करू शकतो. चित्रपटाचा प्रेक्षक येथे प्रथमच खऱ्या अर्थाने वाचक झाला आहे.

संपूर्ण पाठ मिळाल्याने ‘मेट्रोपोलिस’ निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही, आणि जे तसे भासवितात ते आमच्या पक्षाचे नव्हेत. मस्तक आणि हात ह्यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, मालकाने कामगाराच्या हातात हात द्यावा आणि सर्व कलह मिटावा, हा ह्या पटाचा शेवट आजही तितकाच गुळमुळीत वाटतो. खुद्द लांगनेही पुढे त्याविषयी असमाधान व्यक्त केले. पटकथा त्याची तेव्हाची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. ह्या बाईचे नाव मराठी वाचकास सर्वस्वी परके नाही : लांगपासून विभक्त झाल्यावर तिने बेळगावकडील मराठी पत्रकार आयी गणपत तेंडुलकर ह्यांच्याशी संसार केला. लांग १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला. ती तेथेच राहून नाझी राजवटीत चित्रपट लिहीत राहिली. तिच्या ‘हृदया’च्या तत्त्वज्ञानाची परीक्षा इतिहासाने पुढे केली, ती कोणी करावी तेवढी कठोरपणे करावी. पण ती संपूर्ण पाठावर करावी. संक्षिप्त प्रत पाहणाऱ्यास कथेतील पोकळी आणि विचारातील पोकळी वेगळ्या करता येत नव्हत्या. सगळेच खापर लेखिका व दिग्दर्शक ह्यांच्यावर फुटत होते. आता ह्यांतले पोलॉकचे काय आणि हार्बूचे काय, हे सांगता येते. संपूर्ण संहितेने कर्त्याची निर्दोषता सिद्ध होत नाही. दोष ज्याचा त्याच्या पदरी बांधता येतो. न्यायासाठी तेवढे पुरेसे आहे.

आणि संपूर्ण हा शब्दही आम्ही सैलपणे वापरीत नाही. रोटवांग आणि फ्रेडरसन ह्यांची मारामारी, मंदिरातील भिक्षूचे प्रवचन, असे काही अंश आजही सापडलेले नाहीत. तेथे पाटी येते आणि काय घडले ते सांगते. ‘येथे काही होते, ते आम्हांपाशी नाही’ असे सांगणारी ती पाटी आमच्या मते ह्या आवृत्तीचा सर्वांत मोठा अलंकार आहे.

हा सर्व खटाटोप दूरच्या जर्मन पटासाठी आम्ही का केला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या घरातच आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अखंड उपलब्ध नाही. ‘आलमआरा’ (१९३१) ह्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत हाती नाही. बाबूराव पेंटर ह्यांच्या ज्या मूक ‘सावकारी पाश’चे (१९२५) गोडवे आपण गातो, तो आपण पाहिलेला नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोपर्यंत मूकपटांच्या कितीतरी फिल्मा कुजल्या, जळल्या, चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. त्यानंतरही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मांचा मोठा साठा भस्मसात झाला. जर्मनांनी एका चित्रपटासाठी सेन्सॉरचे कागद, स्वरलिपी आणि समुद्रापारची फिल्म एकत्र आणली. आपल्याकडे त्या काळच्या चित्रपटांबरोबर विकल्या गेलेल्या कथेच्या व पदांच्या पुस्तिका, जाहिराती, सेन्सॉरच्या नोंदी, वृत्तपत्रांतील परीक्षणे, एवढी सामग्री तरी विखुरलेली आहे. ती गोळा करून, जो पट नाही त्याचाही पाठ जेवढा लावता येईल तेवढा लावून ठेवणे, हे काम करण्यास फिल्म सापडण्याची वाट पाहावयास नको. स्वरलिपीवर आधी परिश्रम झाले होते, म्हणूनच ब्वेनोस आयरेसची फिल्म आली तेव्हा तिचा तुकडा कोठे बसवावा हे कळले.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. जुन्या चित्रपटाची जी कोणतीही प्रत विकली जाईल वा दाखविली जाईल, तिच्या वेष्टनावर व आरंभी तीन गोष्टी नमूद असाव्यात : ही प्रत कोणत्या साधनांवरून केली, मूळ लांबी किती व हिची किती, आणि नंतरच्या हाताने काय घातले वा काय वगळले. पुस्तकाच्या आवृत्तीकडून आपण एवढी अपेक्षा करतोच. ही माहिती न देणाऱ्या विक्रेत्याची प्रत घेऊ नये, आणि कोणता पाठ पाहिला हे न सांगणाऱ्या परीक्षणकर्त्याचा अभिप्राय मानू नये. एवढा नियम वाचकांनी आणि नियतकालिकांनी स्वतःपुरता जरी पाळला, तरी त्याचा परिणाम बाजारावर झाल्याशिवाय राहणार नाही. कारण बाजार पंडितांचे ऐकत नाही, गिऱ्हाइकाचे ऐकतो.

हेल ही स्त्री पडद्यावरील कथेत आधीच मेलेली आहे. पोलॉकने तिला पुन्हा एकदा मारले, तेही केवळ एका उच्चाराच्या भीतीने. आणि ह्या दुसऱ्या मरणाची नोंदही पुढे पुष्कळ वर्षे सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचली नाही. तिचे शिल्प आज पुन्हा उभे आहे. त्यावर ओरखडे आहेत, कड कापलेली आहे; पण पडदा बाजूला झालेला आहे. तो पुन्हा कोणी ओढू पाहील, तर त्याला अडविणे हे प्रत्येक जाणत्या प्रेक्षकाचे कर्तव्य आहे.